भिंतीपलीकडचं स्टूल

हाडांच्या दवाखान्यात केसपेपर लिहिणाऱ्या बाईंचा हात चालू होता, कान मात्र समोरच्या बाकाकडे लागले होते. तिथे मुलींच्या कॉन्व्हेंट शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका, म्हाताऱ्या सिस्टर, काठी टेकून बसल्या होत्या आणि शेजारी त्यांची साठीतली विद्यार्थिनी.

"सिस्टर, शाळेला शंभर वर्षं होतायत, म्हणून आज कबूल करून टाकते. प्रार्थनेचा तास बुडवून आम्ही मागच्या भिंतीवरून उड्या मारायचो. भाड्याची सायकल शिकायला."

"दर शुक्रवारी."

"अगं बाई! तुम्हाला ठाऊक होतं?"

"चौघी होतात. तू सगळ्यात शेवटी, धापा टाकत."

"मग पकडलं कसं नाहीत?"

"पकडलं असतं तर नियमाप्रमाणे नावं कमी करावी लागली असती. आणि मुलींना सायकल यायला नको?"

"देवच पाठीशी होता आमच्या. पलीकडे अगदी पायाखाली एक स्टूल असायचं!"

"देवाला दुसरी कामं नाहीत का? प्रयोगशाळेतलं स्टूल होतं ते. मी नेऊन ठेवायचे."

"तुम्ही? एवढं जड?"

"जड कसलं! झगा सावरत फाटकातून वळसा घालायचा, तेच अवघड."

दोघी इतक्या खदखदून हसल्या की सगळे पेशंट वळून बघायला लागले. केसपेपरवाल्या बाईंनी हसू दाबत पुढचा कागद ओढला.

"सिस्टर, गुडघा कधीपासून दुखतोय?"

"नववीत होते तेव्हापासून."

"बाप रे! पडला होतात का कुठे?"

"याच शाळेच्या, त्याच भिंतीवरून. आमच्या वेळी पलीकडे स्टूल नव्हतं, बाळ."