एक्सलचा बूट आणि मनस्वीचा साखरपुडा

...आणि वर मलाच विचारतात, "काका, खाली काय करताय?" आता तुम्हीच सांगा, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, भर दुपारी, सत्तरी ओलांडलेला माणूस जुन्या गाडीखाली सतरंजी टाकून उताणा पडलाय, हातात पाना आहे, मिशीला ग्रीस आहे, तो काय करत असेल? वामकुक्षी? पण नाही, येणारा प्रत्येक जण वाकणार, प्रत्येक जण विचारणार, आणि मी पडल्या पडल्या प्रत्येकाला सविस्तर उत्तर देणार, कारण... माझंच काही चुकत असेल, पण कोणी विचारलं आणि आपण गप्प बसलो, तर मला दिवसभर चुटपुट लागते!

तुम्हाला सांगतो, गोष्ट एवढीशी. गाडीचं पुढचं चाक फिरवणारा एक दांडा असतो, एक्सल. त्याच्या चाकाकडच्या टोकाला एक सांधा, आपल्या गुडघ्यासारखा. त्या सांध्यात ग्रीस, आणि ग्रीस बाहेर पडू नये म्हणून त्यावर एक रबरी टोपडं, चुण्याचुण्यांचं. त्याला गॅरेजवाले बूट म्हणतात. का म्हणतात ते मी आमच्या गॅरेजवाल्याला विचारलं, तर तो पुढच्या गाडीकडे वळला. तर आमच्या गाडीचा डावा बूट फाटला. आतलं ग्रीस बाहेर, बाहेरची धूळ आत... आणि धूळ पनवेलची! सध्या इथे डोंगर फोडताहेत, निम्मा हवेतच असतो! गॅरेजवाला म्हणाला, "सांधा अजून शाबूत आहे काका, पण अशीच चालवलीत तर जाणार. आणि माझ्याकडे पुढच्या आठवड्याशिवाय जमणार नाही."

पुढच्या आठवड्यात? अहो, रविवारी उरणजवळ मोऱ्याला साखरपुडा! मनस्वीचा. मनस्वी म्हणजे सुमतीची भाची, सुमती म्हणजे आमची सौभाग्यवती, आणि मनस्वीचे वडील म्हणजे सुमतीचे थोरले बंधू कमलाकर. मिठागरं प्रकल्पात गेली, मोबदला मिळाला आणि त्यांच्या दारात गाडी आली... गाडी कसली, चाकं लावलेला बंगला! त्यांचा लगेच फोन. "भावजी, तुमी त्या डब्यातनं येणार? रस्त्यात बंद परली तं टोचन लावाया मी मांडवातनं येऊ काय? माझी गाडी पाठवतो, तुमी फकस्त बसा!"

फक्त बसा! माणूस प्रेमळ आहे हो, माझंच काही चुकत असेल, पण त्या 'फकस्त बसा'ने मी आतून असा खरचटलो म्हणून सांगू! आणि सुमतीने काय करावं? तिने निकाल दिला. "रविवारी सकाळी ही गाडी धड असेल तर हिच्यातून जाऊ. नसेल तर दादाच्या गाडीतून, आणि परत आल्यावर ही भंगारात. मला रोजची धाकधूक नको."

भंगारात! अहो, घरात ही बाई कधी गुणगुणत नाही, पण या गाडीत बसली आणि कर्नाळ्याची झाडी सुरू झाली की आपोआप गाणं म्हणते. ते सगळं भंगारात? मी म्हणालो, मी बदलतो बूट. आणि म्हटल्याबरोबर घाबरलो.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा देवेश आला. कंपनीत संगणकावर बसतो, पण सल्ला सगळ्याचा देतो. "काका, एकदम ईझी आहे! व्हिडिओत चहा निवायच्या आत होतं. आणि तुमची तर पीएच.डी. फ्रिक्शनवर आहे ना?" आहे. घर्षणावरच आहे. पण कागदावरच्या! माझ्या प्रबंधात कुठेही गंजलेला नट नव्हता!

तरी लागलो कामाला. चाक जमिनीवर असतानाच मधला मोठा नट सैल करायचा, तो काही हलेना, मग पान्याच्या दांडीवर देवेश उभा, मी त्याला धरून उभा, आणि पहिल्या मजल्यावरच्या नीताताई गॅलरीतून, "अय्या, फुगडी का?" सुटला! गाडी जॅकवर घेतली, खाली टेकूला भक्कम लोखंडी घोड्या लावल्या, त्या हलत नाहीत ना हे पुन्हा पुन्हा बघितलं, चाक काढलं, एक्सलचं टोक बाहेर ओढलं. आता सांधा ठोकून काढायचा, तर हातोडी लोखंडी, सांधा लोखंडी, टवका उडेल. म्हणून मी स्वयंपाकघरातून पितळी बत्ता आणला. पितळ मऊ! इथे मात्र पीएच.डी. कामी आली! तर वरून सुमती, "अहो, वेलची कुटायचीय, बत्ता कुठाय?" मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

सांधा निघाला. फाटका बूट कापून फेकला. सांधा असा धुतला, असा पुसला, की त्यात तोंड दिसावं. नवं ग्रीस ठासून भरलं. सांधा दांड्यावर चढवला, बत्त्याने ठोकला, ठोकला... आणि आतली कडी बसली, टक्! काय आवाज होता महाराजा! देवेशने टाळी दिली, नीताताईंनी गॅलरीतून टाळ्या वाजवल्या, मी तर सतरंजीवर उभा राहून नमस्कार केला... आणि देवेश म्हणाला, "काका, नवा बूट कुठाय?"

बूट.

अहो, बूट सांध्याच्या आधी दांड्यावर ओवायचा असतो! नंतर तो चढतच नाही! आणि बूट कुठे होता? देवघरात! आमच्याकडे कुठलीही नवी वस्तू आधी देवासमोर जाते. मिक्सर गेला, माझी कवळी गेली, तसा सुमतीने सकाळी बूटही नेऊन ठेवला होता. ती जिन्यातून उतरली, तबकात बूट, त्याला हळदकुंकू, वर जास्वंद. "झाली पूजा. घ्या आता." मग माझ्या हातातला बत्ता बघितला... आणि सांगतो, तिने जे सुनावलं त्यापुढे फाटलेल्या बुटाचं दुःख काहीच नव्हे!

पुन्हा बत्ता, पुन्हा ठोकाठोक, पुन्हा सांधा बाहेर. मी हळूच म्हणालो, "सुमती, कुंकू आत गेलं तर... कण... घर्षण..." ती म्हणाली, "कुंकवाने कधी कोणाचं वाईट झालंय?" माझंच काही चुकत असेल! आतून पुसून घेतलं, बाहेरचं राहू दिलं. पट्ट्या आवळल्या, चाक बसवलं, नट घट्ट केला, आणि संध्याकाळी सुमतीला शेजारी बसवून, स्टिअरिंग पूर्ण वळवून, पार्किंगमध्ये गोल गोल फेऱ्या मारल्या. कान सांध्याकडे. ना कटकट, ना खडखड... फक्त गुणगुण. ती सुमतीची होती!

रविवारी मोऱ्यापर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. मांडवाच्या कडेला थाटात लावली. कमलाकर स्वतः पुढे आले, चाकामागे वाकून बघितलं, वळले, आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असे ओरडले, "आमच्या भावजींनी हातानं केलाय! हातानं!" माझी छाती अशी फुगली! आणि सुमती, एरवी माझं कधी कौतुक न करणारी सुमती, म्हणाली, "त्यांना सगळं येतं." बस! कमलाकर म्हणाले, "मंग आमच्या गाडीचं पन जरा बगता काय? चाकाशी कायतरी चिकट लागतंय." त्यांची बघतोय तोवर नवऱ्या मुलाचे काका आले, मग काकांचे व्याही. आता नव्या सोयऱ्यांना नाही कसं म्हणणार? रेशमी झब्ब्यावर कोणीतरी पोतं गुंडाळलं आणि मी गाडीखाली. अंगठ्या घातल्या, सनई वाजली, बंपरखालून एका हाताने मला पेढा भरवला... हात कोणाचा, देव जाणे!

परतताना सुमती गाणं थांबवून म्हणाली, "काय हो, मुलगा कसा वाटला?"

म्हटलं, "गाडीखालून पायच दिसले. बूट शाबूत आहेत. मोजे वेगवेगळे होते, पण ते काय, मनस्वी बघून घेईल."