नॉकगोर्मची चौथी वाट

नाही, चिखलाचं मला काही नाही, चिखलात मी रांगायला लागल्यापासून पडतेय, पण सख्ख्या मामानं नकाशावर बोट ठेवून 'ही बघ वाट' म्हणावं आणि तिथं नुसती दलदल असावी, याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा...

तुम्हाला सांगते, मी भूगोल शिकलेली मुलगी. सरकारी कचेरीत तीन महिन्यांची हंगामी नोकरी, काम एकच, आमच्या नॉकगोर्म डोंगरावर चढायच्या वाटा शोधून पायथ्याशी फलक लावायचा. तक्रार आली नाही तर नोकरी पक्की. आता वाटा विचारणार कुणाला? मॅलकीमामाला! सत्तरी ओलांडलेला, मेंढ्यांमागे जन्म गेलेला माणूस. त्यानं तीन वाटा सांगितल्या. शेजारच्या नोरामावशीनंही नेमक्या त्याच तीन. आई म्हणाली, मामा सांगतोय ना, मग झालं. पाय बुडतात का, विचारलं, तर मामा म्हणतो, 'छे गं, जमीन जरा मऊ आहे, एवढंच.'

आणि मी विश्वास ठेवला.

जुलैचा शेवटचा रविवार. त्या दिवशी आमच्याकडे अख्खं गाव डोंगरावर जातं, करवंदाएवढी निळी रानफळं वेचायला, जॅमसाठी. मी मात्र डब्लिनच्या अकरा जणांना घेऊन निघाले, फलकावरच्या 'सोप्या' वाटेनं. गुडघाभर चिखल, एका बाईंचा बूट डोंगरानं कायमचा ठेवून घेतला, चार तास... आणि माथ्यावर बघते तर काय? मामा, आई, नोरामावशी दगडांवर बसून चहा पितायत! मोजे कोरडे, जिभा निळ्या, बरण्या काठोकाठ. मामाचं कंबरेचं हाड तर दोन वर्षांपासून निकामी आहे हो! कसा आलास, विचारलं, तर म्हणतो, 'चालत.'

उतरताना त्यांच्या मागं मागं गेले. मामाच्या गोठ्यामागं निघते ती वाट. हिरवी, कोरडी, चाळीस मिनिटांची, साऱ्या गावाच्या सामाईक डोंगरावरची, कुणा एकाच्या मालकीची नाही, आणि दोन्ही बाजूंना निळी झुडपं लगडलेली. फळांची जागा आमच्याकडे सुनेलासुद्धा सांगत नाहीत, ते मला ठाऊक होतं. पण मी काय सून आहे? आई, तू तरी सांगायचंस!

आई शांतपणे म्हणाली, 'तू शिकलेली. तू ते छापलं असतंस.'

छापलंच! चौथी वाट, हिरव्या रंगात, ठळक. पुढच्या शनिवारी फलकाशेजारी स्वतः उभी राहिले. लोक आले, वाचलं, माना डोलावल्या... आणि फाटकाला टेकून, टोपी घालून, काठी धरून कोण उभं? त्यांनी विचारलं, आजोबा, ही वाट बरोबर आहे का? मामा माझ्याकडे मायेनं बघत म्हणाला, 'पोरीनं केलाय तो फलक. होईल हळूहळू शहाणी. या, मी दाखवतो.'

मी ओरडले, तो खोटं बोलतोय, नकाशा बघा, उंचीच्या रेषा बघा! त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण भर चौकात म्हाताऱ्याशी भांडणाऱ्या मुलीकडे बघतो. गेले त्याच्या मागून. संध्याकाळी मांड्यांपर्यंत माखून परतले, मामाचा हात हातात घेऊन म्हणाले, काय गोड माणूस.

आणि त्यांनीही विश्वास ठेवला... पण तक्रार कुणाची केली? माझी! फलक दिशाभूल करतो म्हणून. नऊ तक्रारी. कचेरीचं पत्र आलं, नोकरी टिकवायची असेल तर फलक एखाद्या अनुभवी, वयस्कर स्थानिक गृहस्थाकडून तपासून सही घ्यावी.

गावात असा गृहस्थ एकच.

गेले. मामानं चष्मा पुसला, चौथी वाट पट्टी लावून सरळ खोडली, सही केली, आणि पावाला जॅम लावून बशी माझ्यापुढे सरकवली.

खाल्ला. काय करणार... चांगला होता हो.