केकताडाचे दांडे

मी गोंदियाकडली, मोहाखाली वाढलेली. माय मडक्यात मोहाची दारू काढे अन् मी फुलं वेचो, पण काय सांगू तुमाले, एका कडेच्या फुलांले माय हात लावू देत नसे, मने ती हरणा-अस्वलांची. आता म्हातारपणी पोरानं, प्रशांतनं, इकडं जर्मनीत आणलं, डार्मश्टाटले, तो इथं युनिव्हर्सिटीत शिकते.

त्याच्यासंगं शिकणारी मेक्सिकोची पोरगी, रोजा, एक दिवस बाटली घेऊन आली. मले पहिला संशय हाच, की इची नजर माह्या पोरावर. ती बोले, प्रशांत मले मराठीत सांगे. मने, ही माह्या बाबाच्या हातची दारू, शेतातल्या झाडाची. झाडाचा फोटो पायला तर काय, आपलं केकताड, घायपात! आमच्याकडं त्याचे दोर वळतात, त्याची दारू? मले पटेना. झाकणात घेऊन काडी लावली, निळी जळली, तवा मानली. प्रशांत ओरडला, अगं आई, छतावरचा धुराचा भोंगा वाजेल नं, रौखमेल्डर!

मंग इथल्या एका दुकानदारानं ती चाखली अन् रोजाच्या बाबाले मोठी ऑर्डर देतो मनला. रोजा नाचायलीच. बाटलीवर नाखहाल्टिख छापू मने, म्हणजे निसर्गाले धरून केलेली. मी विचारलं, आमच्या मोहाचं फूल पडते, झाड राहते, तुमचं? मने, आमचं झाडच काढा लागते, अन् नवं वाढाले कितीक वर्षं. फुलाचा दांडा आला की गोडी जाते, म्हणून आधीच छाटतात. मंग बी कुठून? मने, बाबा काही झाडं फुलाले सोडतात, वटवाघळं येतात त्यांच्यावर. मी मनलं, दुकानदार घाई करन तवा तीच पहिली कापल्या जातीन. मंग तिनंच दुकानदाराले सांगतलं, बाबा देतीन तेवढ्याच बाटल्या. तो मने, या या, गेनाऊ, म्हणजे हो हो, बरोबर. इतक्या लवकर हो मनणाऱ्याचा मले भरवसा नाही.

तवापासून दर साली बाबाचा शेतातला फोटो काँप्युटरवर येते. मी त्यायचं तोंड पायत नाही, मागचे दांडे पायते. औंदा बाबा मधोमध, एवढी मोठी टोपी, मागचं काहीच दिसेना. मी मनलं, रोजा, बाबाले सांग, जरा बाजूले सरा. प्रशांत मने, आई, तू पोलीस झाली का? मी मनलं, पोलिसाले माह्या मायचं मडकं कवाच सापडलं नाही, मले सापडते.

दुसरा फोटो आला. बाबा बाजूले, मागं आभाळात गेलेले दांडे, पिवळ्या फुलांचे. बरं वाटलं बापा. सुखी राहो तो माणूस, अन् त्याची वटवाघळंही.

फक्त प्रशांत, एवढं विचारून घे, फोटो औंदाचाच आहे नं?