समुद्रमातेच्या देवळातील केबल कोणी बदलली

नाव: को मिंग-त्सान. वय: ५८ वर्षे. धंदा: निवृत्त शिक्षक, सध्या देवस्थान समितीचा चिटणीस, विनावेतन व विनाविश्रांती. राहणार: आनपिंग, ताइनान.

मी स्वतः ठाण्यात येऊन सांगतो की, वरील ठिकाणी मी पत्नीसह राहतो. पत्नी दर गुरुवारी सकाळी आमच्या समुद्रमाता मात्सूच्या देवळात, वरच्या मजल्यावर, स्तोत्रपठणास जाते.

गेल्या ऑगस्टमध्ये देवळातील वायरिंग नवे करायचे ठरले. केबल कोणती घ्यावी, यावर तीन सभा खर्ची पडल्या. अखेर अध्यक्ष त्साय यांनी प्रथेप्रमाणे मातेला कौल लावला. "नेहमीची पीव्हीसी चालेल का?" असे विचारून चंद्रकोरीचे दोन लाकडी ठोकळे टाकले. सलग तीनदा एक पालथा, एक उताणा पडला, म्हणजे होकार. होकारानंतर तोच प्रश्न पुन्हा विचारायचा नसतो.

काम घेतलेल्या वायरमन श्रीमती श्याव यू-छिन (वय ३६) तेथे हजर होत्या. त्या म्हणाल्या, "काका, मातेला विचारलंत खरं, पण ती केबल पेटली की काय होतं ते सांगितलंत का?"

अध्यक्ष म्हणाले, "माता हजार वर्षं समुद्र सांभाळतेय. तिला तू वायरिंग शिकवणार?"

"तिला नाही हो. तुम्हाला."

श्रीमती श्याव यांनी अंगणात दोन प्रकारच्या केबलचे तुकडे पेटवले. पीव्हीसीचा धूर काळाकुट्ट निघाला. अध्यक्ष खोकत खांबाआड गेले व आपल्याला सर्दी असल्याचे त्यांनी तेथून कळवले. दुसऱ्या, हॅलोजनविरहित केबलचा धूर विरळ, पांढरट होता. ज्योत काढताच ती विझली. श्रीमती श्याव म्हणाल्या, "आगीआधी धूरच जिना अडवतो, काका. वर म्हातारी माणसं बसतात."

अध्यक्षांनी निर्णय बदलला नाही.

त्याच सायंकाळी मागणीपत्रात 'पीव्हीसी' खोडून 'हॅलोजनविरहित' असे मी लिहिले. समितीला विचारले नाही. मातेलाही नाही. समितीचे मत पालटले, असे श्रीमती श्याव यांना सांगितले. ते खोटे होते. मागणीपत्रातले शुद्धलेखन मात्र निर्दोष आहे.

दि. १२ मार्च रोजी सकाळी १०.४० वाजता, जिन्याखालील भक्तांच्या नावाने लावलेल्या विजेच्या दिव्यांचा ट्रान्सफॉर्मर पेटला. छतापर्यंतची केबल जळाली. वर एकवीस जणी होत्या. पायऱ्या दिसत होत्या, असे सर्व जणी सांगतात. अध्यक्षांच्या मातोश्री (वय ९३) सर्वांत शेवटी उतरल्या, कारण त्यांनी अध्याय पुरा केला. माझी पत्नी नववी. मी खाली उभा राहून मोजत होतो.

श्रीमती श्याव यांनी परस्पर केबल बदलून कौल मोडला, म्हणून आग लागली, अशी अध्यक्षांची तक्रार आहे. त्यावरून श्रीमती श्याव यांचा परवाना रोखला आहे. तरी आग ट्रान्सफॉर्मरमुळे लागली, आणि कौल मी मोडला. त्या बाईंचे माझ्या घरावर उपकार आहेत. तसे सांगायला आज मी संत्री घेऊन त्यांच्या दुकानी गेलो व खरे काय ते सांगितले. त्या म्हणाल्या, "संत्री ठेवा. आभार ठाण्यात जाऊन माना." म्हणून आलो.

वरील जबाब मला वाचून दाखवला. तक्रारीच्या नोंदीत श्रीमती श्याव यांच्या नावाआधी असलेला 'संशयित' हा शब्द माझ्या नावाआधी घ्यावा, एवढी एक दुरुस्ती मी सांगितली. बाकी मजकूर माझ्या सांगण्याबरहुकूम व खरा आहे.