डावं इंजन

न्हाई, पन मी म्हनतो, जहाजाचं इंजन आनायचंच कशाला? परभणी जिल्ह्यात समुद्र हाय का? आं? इथं उन्हाळ्यात नळाला पानी येईना, आन आमचे थोरले चुलते माणिकराव गेले मंबईला लग्नाला, आन आले जहाजाच्या भंगारातलं इंजन घेऊन! का? तर गोदावरीवर बंधारा झाला, पानी तुंबलं, आमचं रान पडलं पल्याड, मग मोटारीची नाव करायची म्हने. नावेचा पंखा परभणीत ओतून घेतला, नाव सुताराकडं टाकली, आन सुतारानं नाव द्यायला जी वर्षं लावली, तवर इंजन बसलं आमच्या अंगनात. बसलं ते बसलंच, रुसलेल्या जावयावानी! आलं तवा चालू होतं, नाव तयार झाली तवा जाम!

आता तुमाला सांगतो, मी डिप्लोमा सोडला. का सोडला, तुमी तरी विचारू नका, समदं गाव विचारून दमलंय. दोन वर्षं इंजनाची चित्रं काढायला लावली, इंजनाला हात लावू दिला न्हाई, म्हनून सोडला, बस! तर आमचे दादा, म्हंजे आमचा बाप, म्हनले, ‘लय मिस्त्री झालास ना? हे चालू करून दाखव. दसऱ्यापर्यंत चालू झालं तर फाट्यावरलं पत्र्याचं शेड तुझं, टाक ग्यारेज. न्हाई झालं तर गुमान पुन्याला जायचं, काकाच्या मेव्हन्याच्या मंगल कार्यालयात वाढपी म्हनून.’ वाढपी! मी! हातात मठ्ठ्याचा जग घेऊन ‘मठ्ठा, मठ्ठा’ करत फिरू?

लागलो कामाला. पन करू देतील तर ना! चुलता खाट टाकून उशाशी बसला. ‘आरं, गोडंतेल सोड त्यात, गोडंतेल! माझ्या सायकलीची चैन गोडंतेलानं सुटली व्हती.’ काका, ही सायकल न्हाई. ‘मला शिकवतूस? मी आनलंय ते!’ तवर बाप घन घेऊन आला. ‘सरक, एक घालतो.’ दादा, पिस्टन फुटंल! ‘फुटल्याबिगर सुटंल कसं?’ आता ह्याला काय बोलावं? एकदा मी जरा जेवायला गेलो, येऊन बघतो तर चाकात पहार घालून दोघंबी पहारीला लटकलेले, वटवाघळावानी! लोखंड सुटतं हो, म्हातारं सुटत न्हाई!

मी आपलं डिझेल आन गिअरचं तेल मिसळून आत भिजत घातलं. रोज सकाळी गॅसच्या बत्तीनं शेकायचं, चाकावर लाकडाचा ठोकळा ठेवून हळूच टोला द्यायचा, पुन्ना तेल. आमची भिवराबाई आत्या, बापाची थोरली बहीन, दारातनं वरडायची, ‘का रं, बाळंतिनीला शेकायलास का?’ शेकू दे की माय! लोखंडाला घाई केली की ते तुटतं. पन ह्या घरात सबुरी कुनाला हाय?

मग वरचं हेड उघडलं. आत काय असावं? गंज? गंज तर हायच. पन गंजावर हळद! हळदीवर कुंकू! चार अक्षता, आन खोबऱ्याचा तुकडा, काळा ठिक्कर! मी म्हनलं, ह्यो कुन्या देवाचा गाभारा उघडला मी? तर आत्या आली लगबगीनं, हात जोडले, आन म्हनली, ‘पोचला की रं निवद!’

खंडेनवमीला आपन समदेच पूजा करतो, विळ्याची, ट्रॅक्टरची, मी न्हाई कशाला म्हनू? पन ह्या बाईनं दर साली इंजनावर नारळ फोडला आन पानी, हळद-कुंकू, खोबरं समदं कुठं वतलं? जिथनं इंजन हवा घेतं, त्या भोकात! ‘तोंडच हाय की ते,’ म्हनली. आगं आत्या, ते नाक हाय! ‘नाक असतं तर ठसकलं असतं की!’ आगं, ठसकून ठसकूनच मेलं ते! तर उलटी मलाच, ‘तुझ्या जिभेला काय हाड!’ सांगा आता... लोखंड सुटतं हो, म्हातारं सुटत न्हाई!

पन सुटलं! एक दिवस टोला दिला आन पिस्टन कुरकुरला... नखभर सरकला! मला तर रडूच आलं. रिंगा बदलल्या, तेल भरलं, हँडल मारला, धूर... आन धडाड धडाड, अंगनातल्या कोंबड्या पार पत्र्यावर!

दसऱ्याला नाव पान्यात. चुलता फेटा बांधून पुढं उभा. हात पल्याडच्या काठाकडं, ‘चल!’ मी पंखा जोडला, आन नाव निघाली... मागं! हात पल्याडच्या काठाकडं आन नाव अल्याडच्या बाभळीत! फेटा काट्याला लटकला, चुलता खाली चिखलात, हात तरीबी तसाच पुढं!

मग टकुऱ्यात उजेड पडला. मोठ्या बोटीला दोन इंजनं असतात, एक उजवं फिरतं, एक डावं. म्हनलं, काका, तुमी आनलं डावं इंजन आन ओतून घेतला उजवा पंखा, म्हनून नाव उलटी. पंखा बदलला की झालं. ‘म्हंजे चूक पंख्याची,’ चुलता म्हनला. म्हनलं, न्हाई, तुमची. आता खरं बोललो तर काय चुकलं? पन झालं! चुलता फुगला, आत्यानं तोंड फिरवलं, आन काठावरच पंचायत बसली. दादा, चालू झालं का न्हाई? ‘झालं, पन मागं.’ मागं जानं म्हंजे चालनंच की! चुलता चिखलातनंच वरडला, ‘मागं जानं म्हंजे चालनं असतं, तर डिप्लोमा सोडून तूबी लय चालला म्हनायचा!’ समदा काठ हसला. आन बापानं, दोघांचीबी मर्जी राखायची म्हनून, काय निकाल द्यावा? ‘इंजन अर्धं चालू झालं. शेड अर्धं तुझं.’

अर्धं! ग्यारेज अर्धं असतंय का कुठं? ह्या अर्ध्यात माझे पाने, त्या अर्ध्यात चुलत्याची म्हैस. गिऱ्हाईक येतं, हॉर्न वाजवतं, आधी म्हैस मान वर करती, मग मी. मी खाली इंजन उघडून बसतो, ती वरून वाकून बघत ऱ्हाती, लय वेळ, टक लावून... आन खरं सांगू का? राहू दे तिला. आमच्या समद्या खानदानात ती एकटीच हाय, जी इंजनाकडं बघून गप बसती.