बाराव्या वर्षाचा केक

हडपसरच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर सासू-सून बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर केकचा खोका होता.

"आम्रपाली, नीट धर गं. यांना दारू सोडून आज बारा वर्षं झाली, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर कापायचाय. वास मात्र झकास सुटलाय. काय घातलंयस?"

"चॉकलेट, कोको आणि स्टाउट बिअर."

"काय घातलंयस?"

"काळी बिअर, आई. माझ्या ऑर्डरींत हाच केक सगळ्यात जास्त जातो. ओव्हनमध्ये उडून जाते ती."

"अगं, तिथं तीस जण बसलेत दारू सोडलेले! त्यांना बिअरचा केक भरवणार तू?"

"बाबांसाठी माझा सगळ्यात चांगला केक करायचा, एवढंच डोक्यात होतं हो."

"धन्य आहेस! पुढच्या स्टॉपला उतरू आणि बेकरीतून साधा घेऊ. घरात बाटली आहे का अजून?"

"नाही. उरलेली अर्धी तुम्हीच सकाळी ओतून दिलीत ना?"

"मी? मला तर आत्ता कळतंय."

"मग बाबांनी ओतली असेल. रिकामी बाटली ओट्यावर होती. शेजारी एक पेला स्वच्छ घासून पालथा ठेवलेला."

"पेला तू घासलास?"

"नाही. बाबांनीच घासला असणार. का हो, आई? आई, काय झालं?"

"मला वास येऊ नये म्हणून घरातलं तेवढं एकच भांडं ते स्वतः घासायचे. बारा वर्षांपूर्वी."