पाखऱ्याचा फराटा

आवं तात्या, फोटो आन् व्हिडिओ ह्यात फरक हाय का न्हाई? — हाय. लय हाय. तुमी म्हणता, वीरधवल, कडेगावच्या शर्यतीत तू ड्रोन उडवला व्हतास, त्यातनं आमच्या पाखऱ्याचा एक फोटो काडून दे, मोठा करून भिंतीवर लावतो. बैल गेला, आठवण पायजे — पटलं. तसला बैल मी बी परत बगितला न्हाई, खोटं कशाला बोलू. पर व्हिडिओ दाबला की फोटो गळाय त्यो काय रस हाय व्हय उसाचा?

शटर म्हंजी कॅमेऱ्याची पापणी. ती किती येळ उघडी ठेवायची, ह्यातच सगळी कला. व्हिडिओत सेकंदाला पंचवीस चित्रं निघत्यात — मग पापणी दुपटीवर, सेकंदाचा पन्नासावा हिस्सा उघडी. एकेक चित्र जरा पुसट येतं, पर पळताना कसं, लोण्यावानी मऊ दिसतं. ऊन लय असलं तर भिंगावर काळी काच. ह्ये ज्ञान आष्ट्यात किती जणांला हाय? — मला हाय. त्यो पलीकडच्या गल्लीतला शौनक, काच न लावता पापणी सेकंदाच्या दोन हजाराव्या हिश्श्यावर नेऊन वरात काढतो. नवरदेव उचकी लागल्यागत झटकं देत मांडवात शिरतो. आन् बोर्डावर काय, तर म्हणं सिनेमॅटिक.

फोटोला मातूर उलटं. हजाराच्या म्होरं जायचं, तवा खूर हवेत थांबतो. मी त्या दिवशी पन्नासावरच व्हतो — का? तर व्हिडिओ देखणा पायजे. न्हाई, चूक न्हाई ती, नियम हाय. मला काय सपान पडलं व्हतं, दोन गाड्या फायनलला एकदमच निकालाच्या, पांढऱ्या फक्कीच्या रेघेवर येत्याल म्हणून? झेंडा पंच कोंडीबा बावचळला, म्हणाला ड्रोनवाल्याला इचारा. सगळं मैदान माझ्या तोंडाकडं. मी रेघेवरचं चित्र थांबवलं — ह्ये बगा, ह्येच त्ये. डावीकडं विश्वजीतरावांचा बैल, सोच्छ, नाक बरोबर रेघेला टेकल्यालं. उजवीकडं तुमचा पाखऱ्या, म्हंजी नुसता पांढरा फराटा, रेघेच्या पार गेल्याला. आता फराट्याला नाक कुठं असतं? मी म्हणालो, जे दिसतं त्ये खरं, पयला नंबर विश्वजीतरावांचा. ढाल त्यांच्या दारात गेली. — काम? व्हय, शर्यतीचं काम त्यांनीच दिलं व्हतं मला. पर त्याचा हितं काय संबंध? न्हाई, सांगा की.

आता तुमी म्हणाल, एकाच चित्रात एक बैल सोच्छ आन् एक पुसट कसा? — न्हाई म्हणत? मी सांगतो. पापणी दोघांसाठी सारखीच उघडी असती. तेवड्या येळात ज्यो सावकाश, त्यो जाग्यावर घावतो. ज्यो जोरात, त्यो म्होरं म्होरं सरकतो, मग त्याचा फराटा निघतो. साधं हाय. बैल जेवडा पळणार तेवडा फराटा लांब. आन् जेवडा लांब तेवडा त्यो —

तेवडा —

च्या घ्या की तात्या. गार झाला. — असं काय बगताय? मी तज्ज्ञ हाय, देव न्हाई. एक वरीस झालं त्याला. ढाल काय, पत्र्याची तर व्हती. पाखऱ्या जाईस्तवर त्याला काय ठावं व्हतं का, पयला का दुसरा? — व्हय, तुमास्नी ठावं व्हतं. तुमी तवा बी म्हणाला व्हता. मीच हसलो व्हतो, आठवतंय मला.

काय? — ह्योच पायजे? ह्यो फराटा? आवं, ह्यात बैल कुठं दिसतोय, कोण वळखंल? — रेघ दिसती. बरं. रेघ दिसती. आन् लावणार कुठं, घरात? — चावडीम्होरं?

प्रिंटर बंद हाय तात्या. — आत्ता चालू व्हता? व्हता. आता बंद हाय. उद्या बी बंद हाय. या तुमी.